आंबूस वासाची नळी

गाड्या गॅरेजवाल्यांशी बोलायच्या, त्या काळची गोष्ट. द्वारकामावशींच्या गॅरेजात एक म्हातारी अँब्युलन्स टपावर नवा दिवा बसवून घ्यायला आली. दिव्याखालून पाणी झिरपू नये म्हणून कडेने सिलिकॉन भरायचं होतं.

फळीवर सिलिकॉनच्या दोन नळ्या होत्या. "मला घ्या," पहिली म्हणाली. "मी घटकाभरात सुकते. हिला उद्याचा दिवस लागेल."

मावशींची रीत अशी, की सिलिकॉन आधी नाकाला लावायचं, मग गाडीला. त्यांनी पहिलीचं टोपण काढून हुंगलं. "बाई, तुझ्या अंगाला व्हिनेगरचा वास येतोय," म्हणत त्यांनी तिला बाजूला ठेवलं.

"वासाचं काय एवढं? पाणी तर अडवते ना मी?"

"अडवतेस गं," अँब्युलन्स मायेने म्हणाली. "मागच्या दिव्याला तुझीच बहीण होती. तिने पाण्याचा थेंब आत येऊ दिला नाही. पण सुकताना तिच्यातल्या आंबटाने दिव्याच्या तारा खाल्ल्या. पोटात बाळंतीण घेऊन घाट उतरत होते, आणि दिवा विझला."

मावशींनी दुसरी, बिनवासाची नळी वापरली आणि अँब्युलन्सला एक दिवस ठेवून घेतलं. पहिलीला त्या घरी घेऊन गेल्या. खिडकीत माशांची काचेची टाकी गळत होती. काचेला आंबटाचं भय नसतं. मावशींनी तिचे सांधे त्या नळीने भरले.

एके संध्याकाळी गल्लीतून अँब्युलन्स गेली आणि टाकीतलं पाणी लाल लाल हललं.

"आपली म्हातारी चालली," सांध्यातलं सिलिकॉन माशांना म्हणालं. "दिवा लागलाय तिचा. बरं झालं, मी तिथे नाही."