डाव्या पायाची पोटरी

“पण तिलाच का, अक्का?”

हेमांगी दारातच उभी होती. चपला काढायचंही तिला भान नव्हतं.

राधाक्का खलबत्त्यात सुंठ कुटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तिला म्हणजे कुणाला?”

“जुलेखाला. निपाणीच्या बाईंच्या मालिशसाठी तिचं नाव ठरलं. मला आत्ता कळतंय. आणि तुम्हीही हो म्हणालात.”

“म्हणाले.”

गारगोटीच्या अलीकडे, वेदगंगेच्या काठी राधाक्कांचं पंचकर्माचं छोटंसं केंद्र होतं. सत्तरी उलटलेल्या अक्का जुन्या वैद्य. बायकांना मालिश करायला त्यांच्याकडे दोघीच. हेमांगी नऊ वर्षं होती, जुलेखा चार. कोल्हापूरची पदविका दोघींकडे होती. हेमांगीला तर गुणही जास्त होते.

जुलेखा आल्यापासून हेमांगी मनात मोजत असे. आज किती बायकांनी तिला मागितलं. अक्का तिच्याशी किती वेळ बोलल्या. अक्का तिला नुसतं ‘जुले’ म्हणायच्या. हेमांगी मात्र हेमांगीच.

मग या आठवड्यात निपाणीहून सुनंदाताई आईला घेऊन आल्या. तुळसाबाई पाच आठवड्यांपूर्वी लकव्यानं आडव्या झाल्या होत्या. डावी बाजू अजून जड. निपाणीला घरी राहून रोज मालिश करणारी कुणी तरी हवी होती.

“दोघींतली कुठली निवडू?” सुनंदाताईंनी विचारलं होतं.

“कागद दोघींचे खरे आहेत,” अक्का म्हणाल्या होत्या. “एकेक दिवस दोघींकडे द्या. बाकी तुम्ही बघा.”

सोमवारी हेमांगी. मंगळवारी जुलेखा.

“सोमवारी मी सव्वा तास मालिश केलं, अक्का. बाईंना तिथंच झोप लागली. सुनंदाताई म्हणाल्या, असा हात बघितला नाही.”

“खरंय. मीही ऐकलं.”

“आणि मंगळवारी? ही पंधरा मिनिटांत खोलीबाहेर! तेलाची वाटी भरलेली तशीच. मी डोळ्यांनी पाहिलं.”

पाहिलं होतं, आणि त्या दिवशी घरी गेल्यावर तिला जेवण गोड लागलं होतं. आईला तिनं हसत हसत सांगितलंही होतं, जमलं नाही बघ तिला.

“तिनं काहीच केलं नाही,” हेमांगीचा आवाज चिरकला. “मग तिची निवड कशी?”

अक्कांनी बत्ता बाजूला ठेवला.

“आत ये. बस.”

हेमांगी बसली.

“जुलेनं आधी विचारलं, बाई किती दिवस पडून आहेत. मग दोन्ही पाय उघडे करून बघितले. टेप घेऊन पोटऱ्या मोजल्या. डावी पोटरी दोन बोटं जास्त भरली. तेलाला हात न लावता ती बाहेर आली आणि सुनंदाताईंना म्हणाली, आधी दवाखाना.”

“… मग?”

“कोल्हापुरात तपासणी झाली. पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ आहे. चोळताना सुटून वर छातीत गेली असती तर बाई हातची गेली असती. आता औषध चालू आहे. डॉक्टर म्हणतात, वेळेत आणलंत. डॉक्टर सांगतील तेव्हाच मालिश सुरू करायचं. आणि सुनंदाताईंनी तिथूनच फोन करून सांगितलं, करायचं तेव्हा जुलेखाच.”



बाहेर कुणीतरी दोरीवरच्या चादरी झटकत होतं. जुलेखाच असणार. ती काम करताना गुणगुणायची. एरवी त्या आवाजानं हेमांगीच्या कपाळावर आठी चढायची.

“सोमवारी पाय कसा लागला तुला?” अक्कांनी विचारलं.

हेमांगी पायातल्या चपला काढू लागली.

“हेमांगी.”

“गरम.”

“आणि?”

“टणक. बाईंनी एकदा पाय आखडूनही घेतला.” हेमांगीचे डोळे जमिनीवर होते. “माझ्या हाताला कळलं होतं, अक्का.”

“मग थांबली का नाहीस?”



“थांबले असते तर दुसऱ्या दिवशी तिचा नंबर होता. तिनं पूर्ण केलं असतं. लोक म्हणाले असते, जुलेखाला जमलं, हेमांगीला नाही.” तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. “म्हटलं, काही नसेल. हळू करू. पण हळूही नाही केलं.”

अक्कांनी फोन उचलला. सुनंदाताईंचा नंबर लावून तिच्या हातात दिला.

“डॉक्टरांना हे कळायला हवं.”

“मी सांगू?”

अक्का दुसरीकडे बघत राहिल्या.

पलीकडून आवाज आला. हेमांगीला आधी नाव सांगणंही जमेना. मग ती एका दमात बोलली.

“ताई, सोमवारी आईंच्या त्याच पायाला मी जोरात चोळलंय. डॉक्टरांना सांगा. आणि… पाय गरम आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी थांबले नाही.”



“माझी आई आहे ती,” सुनंदाताई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

हेमांगीनं फोन खाली ठेवला. रडू येईल असं तिला वाटलं होतं. ती रडली नाही.

“मी उद्यापासून येत नाही, अक्का.”

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात टेकत खोलीतल्या मालिशच्या लांब लाकडी पाटावर गेल्या, तोंड भिंतीकडे करून कुशीवर झाल्या, आणि पाठीवरचा पदर बाजूला केला.

“कंबर धरलीय सकाळपासून. तेल तिथं आहे.”

“जुलेखाला बोलावते.”

“तुला सांगितलं.”

हेमांगीनं वाटी घेतली. तेल तळहातावर घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊन केले. अक्कांच्या कमरेशी आली. हात कमरेपासून वीतभर अंतरावर आले आणि तिथंच राहिले.

तेल पाटावर ठिबकलं.

“अक्का… आज माझ्या हातानं नको. आज माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही.”

अक्का हलल्या नाहीत. वळून त्यांनी पाहिलंही नाही.

“मग चोळू नकोस. नुसता ठेव.”