साळिंदराचं अवघड कोडं

फार पूर्वी एका रानात साळिंदर रोज केळीच्या ताज्या पानावर आपलं तेच एक शब्दकोडं लिहायचं. ते कुणालाच सुटत नसे, आणि त्याचाच त्याला अभिमान होता.

एकदा खारीने सोपं कोडं लिहिलं : ‘फळांचा राजा, अक्षरं दोन.’

“हे तर गाढवालाही सुटेल!” साळिंदर फिस्कारलं.

गाढवाला ते खरंच सुटलं. हरखून ते रोज येऊ लागलं. खारही कोडी हळूहळू अवघड करत गेली.

वर्षभराने गाढवाने साळिंदराचं कोडं घेतलं. एक चौकोन सोडून सगळे भरले.

“साळिंदरराव, इथे आडव्या शब्दाला ‘का’ हवा आणि उभ्याला ‘की’. तुमचंच चुकलंय.”

साळिंदराचे काटे उभे राहिले. “मग इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?”

“बोलायला कुणी तिथवर पोचायला नको?” खार म्हणाली.