चाकापुढचा दगड

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा, शब्दही साधेच आहेत.

सिद्रामच्या ट्रकचे ब्रेक नीट लागत नव्हते, आणि उद्या घाट उतरायचा होता. मालक म्हणाला, “सरकारी शिबिरात ऐच्छिक तपासणी आहे. साहेबांनी दोष लिहून दिला, तरच दुरुस्ती.”

साहेबांनी उताराखालच्या मांडवात चहा पीत, ट्रककडे न बघताच ‘ब्रेक उत्तम’ लिहिलं.

“साहेब, एकदा बघा तरी!”

“ऐच्छिक आहे ना? माझी इच्छा नाही.”

सिद्राम उतारावर, खाली मांडवाकडे तोंड करून उभ्या असलेल्या ट्रकपाशी गेला. चाकापुढच्या दगडाला हात लावून त्याने अदबीने विचारलं, “मग साहेब, हा काढू का?”

साहेब चहा सांडत उठले. “थांब बाबा! दोष लिहितो!”

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक गॅरेजला लावून सिद्राम लेकीला सायकलवरून शाळेत सोडायला निघाला.