सोपान विमान दुरुस्ती शिकतो

माणकेवाडीत सोपान नावाचा एक भोळा जीव राहत होता. सांगितलं तेवढंच करायचा, आणि नेमकं नको तिथं करायचा. कुमुद त्याला फार आवडायची. तिच्या वडिलांनी, आबांनी, बजावलं, "विमान दुरुस्तीचं सर्टिफिकेट आण, मगच मुलगी देईन." निघाला बिचारा शहरात शिकायला.

पहिल्याच दिवशी कारखानीस सर म्हणाले, "काम संपलं की हत्यारं मोजायची. एक पाना जरी कमी भरला, तरी विमान जागचं हलू द्यायचं नाही."

"बरं, सर."

दुपारी कॅन्टीनमध्ये एक चमचा कमी भरला. झालं! सोपान धावत सुटला आणि पोरांना घरी नेणाऱ्या बससमोर आडवा झोपला. "चमचा सापडेपर्यंत गाडी हलणार नाही!"

सर धापा टाकत आले. "ऊठ, शहाण्या! काही नादुरुस्त दिसलं तर गुपचूप लाल चिठ्ठी बांधायची, 'वापरू नये' म्हणून. कळलं?"

"कळलं, सर."

दुसऱ्या दिवशी प्राचार्य लंगडत आले. गुडघा धरला होता त्यांचा. सोपाननं खाली बसून त्यांच्या पायाला लाल चिठ्ठी बांधली आणि म्हणाला, "आता हा पाय वापरू नका, साहेब."

सरांनी कपाळावर हात मारला. "बाबा रे, यापुढे एकट्यानं काही करू नकोस! तू आवळलेला नट आधी सोडवायचा, मग जोडीदार तो पुन्हा आवळेल, ओढून बघेल. तो 'पक्कं' म्हणाला, की मगच काम पुरं." आणि त्यांनी विश्राम नावाचा समजूतदार पोरगा त्याच्या जोडीला दिला.

विश्राममुळं वर्ष निभावलं. सर्टिफिकेटही मिळालं, देवाची कृपा! आबांनी शब्द पाळला आणि दारात मांडव घातला.

मंगलाष्टकं झाली. सोपाननं कुमुदच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं. आणि लगेच सोडवलं!

"विश्राम, ये रे. आता तू बांध आणि ओढून बघ."

"अरे, हा काय नट आहे?" विश्राम घाबरून मागं सरला.

"जावईबापू, भानावर या!" आबा ओरडले.

"नियम म्हणजे नियम, आबा. त्यानं बांधल्याशिवाय काम पुरं होत नाही."

कुमुदनं एकदा सोपानकडे पाहिलं, एकदा विश्रामकडे पाहिलं. मग विश्रामपुढे मान वाकवली. विश्रामनं बांधलं, हलकेच ओढून पाहिलं.

"पक्कं," तो लाजत म्हणाला.

आता दरवर्षी विश्राम-कुमुदच्या लग्नाच्या वाढदिवसाला सोपान पेढे घेऊन जातो आणि छाती फुगवून सगळ्यांना सांगतो, "काम मूळचं माझं बरं का! विश्रामनं नुसतं तपासलं."