तिसरं पातेलं

“मग अप्पा, यातलं कुठलं?”

दोनच पातेली चाखून झाली होती. पण शिवपुत्राला दम निघेना. ओसरीवर पाच पातेली ओळीनं मांडलेली. पाचही एकसारखी, आणि पाचांतही एकच पदार्थ... भरली वांगी. कुणाचं नाव कुठंच नाही. झाकणांवर नुसते खडूनं काढलेले आकडे.

अप्पा घास सावकाश चावत राहिले.

हे अप्पा हिरण्यकेशी नदीच्या काठच्या मठातले. चाळीस वर्षं तिथली चूल त्यांच्याच हाताखाली. आल्यागेल्याला जेवू घालायचं, एवढंच त्यांचं काम. शिवपुत्र त्यांच्यापाशी बारा वर्षं शिकला. आता आसपासच्या गावांत त्याच्या हाताशिवाय लग्नाची पंगत उठत नसे. लोक त्याच्या आमटीची आठवण वर्षभर काढत.

अप्पांनी मात्र एकदाही बरं म्हटलं नव्हतं, वाईटही नाही. जेवायचे, हात धुवायचे, उठायचे.

हे त्याला आतून सलत होतं. म्हणून तर आजचा घाट. घरची आणि मैत्रीतली माणसं बोलवायची, प्रत्येकानं आपल्या घरून वांगी करून आणायची, सगळ्यांनी मिळून चाखायची. गंमत म्हणून पहिला नंबर काढायचा. शिवपुत्राच्या बायकोनं, गिरिजानं, सगळ्यांची वांगी आत नेऊन सारख्या पातेल्यांत काढली होती. नाव दिसणार नाही, तोंड दिसणार नाही. अप्पांची जीभच काय ते सांगेल... चारचौघांत.

थोरल्या भावाला, मलगोंडाला, शिवपुत्र स्वतः जाऊन सांगून आला होता. वहिनी जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून दादा कुणाच्या पंगतीला बसला नव्हता.

“मला कुठं येतंय रं?” दादा म्हणाला होता.

“जमंल तसं कर. गंमत हाय नुसती.”

आणि दादा आला होता. पातेलं टॉवेलात गुंडाळून, पोटाशी धरून.

गिरिजानं तिसरं झाकण काढलं. सगळ्यांच्या ताटलीत थोडं थोडं वाढलं. शिवपुत्रानं घास घेतला आणि त्याचं तोंड कसनुसं झालं.

“आरारा! वांग्यात मीठ घातलंय का मिठात वांगी घातल्यात? कुणाचं हे?”

ओसरी हसली. हसण्यात दादाही होता. जरा उशिरानं हसला. मग मांडीवरच्या टॉवेलाची घडी घालू लागला. घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

शिवपुत्राची नजर त्या टॉवेलावर गेली... आणि तिथंच थांबली.

पण बोलणं तोंडातून गेलं होतं.

अप्पांनी हात लांब करून तिसरं पातेलं आपल्याकडं ओढलं.

“बाई, एक भाकरी दे.”

गिरिजानं भाकरी दिली. अप्पांनी पातेल्यातलं एक वांगं घेतलं, फोडलं, खाल्लं. मग दुसरं घेतलं. आधीच्या दोन्ही पातेल्यांतला त्यांनी एकेक घासच घेतला होता.

हसणं विरून गेलं. कुणीतरी खाकरून म्हणालं,

“अप्पा, त्याला मीठ...”

“जास्त हाय.”

“मग कशाला...”

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला.

दादाला ते बघवेना. तो अर्धवट उठला. “अप्पा, ऱ्हाऊ द्या. माझं हाय ते.” मग खाली बघतच म्हणाला, “मीठ घातलं का न्हाई, ध्यानातच ऱ्हाईना. विचारायला घरात कोण न्हाई... म्हणून परत घातलं.”

कुणी कुणाकडं बघितलं नाही. गिरिजानं पदर तोंडाला लावला.

चौथं झाकण अजून उघडलं नव्हतं. ते पातेलं शिवपुत्राचं होतं. पहाटे उठून त्यानं तीळ, खोबरं, शेंगदाणे भाजले होते, मसाला स्वतःच्या हातानं पाट्यावर वाटला होता. त्या झाकणाकडं त्यानं एकदा पाहिलं.

मग ताट घेतलं आणि दादाच्या शेजारी जाऊन बसला.

तिसऱ्या पातेल्यातलं एक वांगं त्यानं वाढून घेतलं. पहिल्याच घासाला जीभ चरचरली. त्यानं गिळलं. दुसरा घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. ते मिठाचं की कशाचं, त्यालाही कळलं नाही.

“पुरे रं,” दादानं त्याच्या ताटावर हात आडवा धरला. “आजारी पडशील.”

“हात काढ, दादा.”

“शिवा...”

“काढ म्हणतो ना.”

दादानं हात काढला. मग त्याच ताटातली भाकरी मोडली आणि भावाबरोबर जेवू लागला. वर्षभरात पहिल्यांदा तो चार माणसांत जेवत होता. गिरिजानं दोघांच्या मध्ये पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

पुढं उरलेली झाकणंही निघाली. गिरिजानं अप्पांना चौथ्यातलंही वाढलं, पाचव्यातलंही. अप्पा नेहमीसारखे मुकाट्यानं जेवले. पहिला नंबर कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. बोलणी पिकापाण्याची निघाली, मग वहिनीची निघाली. दादाच बोलत होता. बाकीचे ऐकत होते.

जेवणं झाली. शिवपुत्र अंगणात अप्पांच्या हातावर पाणी घालत होता. धार मध्येच थांबली.

“अप्पा, बारा वर्षं तुमच्यापाशी ऱ्हायलो... मला काय आलं?”

अप्पांनी ओले हात उपरण्याला पुसले.

“स्वयंपाक आला.”

ज्या शब्दासाठी हा सगळा घाट घातला होता, तो शब्द असा अंगणात, कुणी ऐकत नसताना आला. शिवपुत्राला मान वर करता येईना.

अप्पांनी वहाणा पायात सरकवल्या. दारापर्यंत गेले, थांबले.

“उद्यापासनं मठात वाढायला ये.”