कललेल्या कुंकवाची कहाणी

ऐक गौराई, तुझी कहाणी. बायांनो, तांदळाचे दाणे हातात घ्या आणि मूठ सैल ठेवा, घामाने भिजवू नका. शेवंता, तो मोबाईल पालथा घाल. हुंकार दिला नाहीत तर मी मधेच उठेन. मागच्या वर्षी उठले होते, आठवतंय ना?

आटपाट नगरातल्या कहाण्या खूप ऐकल्यात. हे नगर त्याच्याही पलीकडचं, नदीच्या वळणावरचं. तिथे एक कोष्टी राहत होता, खंडोजी त्याचं नाव. त्याची बायको भिवरा. घरात एक माग, एक चूल आणि एक आरसा. आरसा मधोमध तडकलेला. उजवं अंग धुरकट, डावं तेवढं दिसायचं. भिवरा रोज सकाळी त्या अर्ध्या आरशात मान वाकडी करून बघायची, कपाळाला मेण लावायची, मेणावर कुंकू लावायची. कुंकू जवाएवढं डावीकडे कलायचं. गल्लीतल्या बाया हसायच्या, अगं भिवरा, कुंकू घसरलं. भिवरा म्हणायची, देवीला दिसतंय ना, मग झालं.

भिवरेला गौरीचा वसा होता, तिच्या आईने दिलेला. वसा काय, तर गौरी घरात असेतो दाराशी जी बाई येईल तिला हळदकुंकू लावायचं, तिची ओटी भरायची, मोकळ्या कपाळाने कुणाला परत पाठवायचं नाही. घरात खायला असो नसो, हे चुकवायचं नाही. भिवरेने ते कधी चुकवलं नाही. गौरी प्रसन्न होती. मागावर सूत टिकत होतं, चूल पेटत होती, दोन वेळचं पोटात जात होतं.

भिवरेला एक मूल झालं. सुईण म्हणाली मुलगा. बारशाला रंगनाथ नाव ठेवलं, भिवरा रंगू म्हणायची. जगाला मुलगा दिसला, पण कहाणी मुलीची आहे, म्हणून मी तिला तीच म्हणणार. कुणाला खटकत असेल तर तिने दाणे खाली ठेवावेत आणि चहाचं आधण बघायला जावं. कुणी उठत नाही ना? बरं.

रंगू आईच्या पाठीमागे बसायची. आई मेण लावायची, रंगू आपल्या कपाळाला बोट लावायची. आई पदर खोचायची, रंगू पंच्याचा पदर करून खोचायची. आई मान वाकडी करून कुंकू लावायची, रंगूही मान वाकडी करायची, आरसा समोर नसला तरी. भिवरा बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. आईला काय कळत नाही होय? पण नवऱ्याचं तोंड होतं, गल्लीचं तोंड होतं, मग ती गप्प बसायची.

मग रंगू मोठी झाली. मिसरूड फुटलं तशी ती हसायची बंद झाली. खंडोजीने तिला मागावर बसवलं. हात राकट झाले, मान खाली गेली, जेवण कमी झालं. मग भाद्रपद आला, गौरी आल्या. जेवणाच्या दिवशी घर बायांनी भरलं. भिवरा एकेकीला हळदकुंकू लावत होती, ओटी भरत होती. शेवटची बाई उठली आणि दारात अजून एक उभी राहिली. अंगावर भिवरेचंच जुनेर, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. ती रंगू होती.

ती म्हणाली, "आई, मलाही लाव."

भिवरेचं बोट कुंकवात गेलं. बोट वर आलं. मागावरून खंडोजीने बघितलं, आणि बोट तिथल्या तिथे थांबलं. खंडोजी ओरडला की हा तमाशा माझ्या घरात चालायचा नाही. बायांनी तोंडाला पदर लावले. कुणी हसली, कुणी मान फिरवली, कुणी काहीच केलं नाही. भिवरेने बोट पदराला पुसलं. रंगू आली तशी मोकळ्या कपाळाने गेली, दारातून गेली, गल्लीतून गेली, नगरातून गेली.

भिवरेचा वसा मोडला. तिने मनाला समजावलं की दारात आलेली बाई नव्हतीच, मग मोडला कसा? पण पदराला पुसलेलं कुंकू धुऊन निघेना.

गौरीला राग आला. पुढच्या वर्षी भिवरेने गौरीच्या मुखवट्याला मेण लावलं, कुंकू लावलं, ते गळून पडलं. दुसऱ्यांदा लावलं, गळून पडलं. तिसऱ्यांदा लावलं, तेही पडलं. बिनकुंकवाची गौर पाटावर बसली. मागावर सूत तुटायला लागलं. खंडोजीने सुताला दोष दिला, खळीला दोष दिला, मागाला दोष दिला. स्वतःला द्यायचा राहिला. एकवेळची चूलही जड झाली.

आता तिकडे रंगूचं काय झालं ते ऐका.

रंगू नदीकाठाने चालत होती. चार पावलं टाकली की निऱ्या सुटायच्या. ती पुन्हा खोचायची, पुन्हा सुटायच्या. घाटावर एक परटीण कपडे आपटत होती. तिने बघितलं आणि पोट धरून हसली. मग जवळ आली, इकडे ये म्हणाली, आणि हसत हसतच तिला नऊवारी नेसायला शिकवली. कासोटा कसा घ्यायचा, ओचा कुठे खोचायचा, सगळं दाखवलं. म्हणाली, "घाबरून श्वास धरतेस आणि फुगल्या पोटावर नेसतेस. मग श्वास सोडलास की सगळं सुटणारच. सोडून नेस गं." रंगूने श्वास सोडला, निऱ्या खोचल्या, त्या राहिल्या. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली. परटीण म्हणाली, बस, ओटी भरते. रंगू म्हणाली, नको मावशी, पहिली ओटी आईच्या हातची. परटिणीने ओढून घेतलं नाही. तिने पुढच्या गावच्या कासारणीकडे पाठवलं.

कासारणीने रंगूचा हात हातात घेतला. रंगूने तो मागे ओढला. मागावरचा हात, राकट, बांगडी चढेल कशी? एक फुटली, दुसरी फुटली, रंगूच्या डोळ्यांना पाणी आलं. कासारीण चिडली. म्हणाली, नांगराच्या मागे चालणाऱ्या बायकांना मी बांगड्या भरते, खाणीत दगड फोडणाऱ्यांना भरते, त्यांचे हात काय लोण्याचे असतात? हात मोठा नाही, मूठ घट्ट आहे. मग ती इकडचं तिकडचं बोलत बसली, जावेच्या कागाळ्या सांगत बसली. रंगू ऐकता ऐकता हसली, मूठ सैल झाली, आणि हिरवा चुडा मनगटात जाऊन बसला. कासारीण म्हणाली, ओटी भरते. रंगू म्हणाली, पहिली आईच्या हातची. कासारणीने कुरकुर केली आणि आपल्या मानलेल्या बहिणीकडे, माळिणीकडे पाठवलं.

रंगू माळिणीच्या दारात गेली ती सगळं लेवून. उसनी नथ, उसनी ठुशी, डोक्यावर फुलांचा भारा, ओठ विड्याने लाल. माळिणीने डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. म्हणाली, जत्रेतली पालखी निघाली की काय? रंगूला वाईट वाटलं. तिला वाटायचं, एक जरी दागिना कमी पडला तर लोक बाई म्हणायचे नाहीत. माळिणीने तिला खाली बसवलं. एक उतरवलं, दुसरं उतरवलं, तिसरं उतरवलं. केस विंचरून खोपा घातला आणि त्यात एकच शेवंती खोचली. म्हणाली, "तू कमी नाहीस गं, की इतकं वर घालावं." रंगू त्या दिवशी खूप रडली. रडून मोकळी झाली. मग तिला वाटेल तेवढंच ल्यायची, वाटेल तशी चालायची.

एक गोष्ट मात्र तिघींना जमली नाही. परटीण म्हणाली होती, कुंकू मधे लाव. कासारीण म्हणाली होती, कुंकू मधे लाव. माळिणीने तर धडका आरसा समोर धरला आणि मधे बोट टेकवून दाखवलं. रंगूने लावलं की ते जवाएवढं डावीकडेच जायचं. मान आपोआप वाकडी व्हायची. माळिणीने विचारलं, हे कुणाकडून शिकलीस? रंगूने सगळं सांगितलं. आरसा सांगितला, जुनेर सांगितलं, पदराला पुसलेलं बोट सांगितलं. माळिणीने आरसा ठेवून दिला आणि पुन्हा कधी त्या कुंकवाला हात लावला नाही.

वर्षं गेली. पुन्हा भाद्रपद आला. इकडे भिवरेच्या गौरी आल्या, कुंकू गळून पडलं, आणि दारात एक म्हातारी आली. भिवरा करंडा घेऊन पुढे झाली. म्हातारी मागे सरली. म्हणाली, तुझ्या करंड्यात कुंकू नाही. भिवरेने झाकण उघडलं, करंडा तर भरलेला. म्हातारी म्हणाली, दिसायला भरलाय. एक बाई दारातून मोकळी गेली, त्याच दिवशी तो रिता झाला.

भिवरेला कळलं की ही म्हातारी साधी नाही. तिने पाय धरले, रडली, म्हणाली, चुकलं, माझं बोट थांबलं. उपाय सांग. म्हातारी म्हणाली, "उद्या जेवणाचा दिवस. करंडा घे, ओटीचं सामान घे, वेशीत जाऊन बस. येईल तिला लाव. कोण, कुठली, कुणाची, हे विचारायचं नाही." भिवरा म्हणाली, मग माझी मी ओळखू कशी? म्हातारी म्हणाली, "तुला ओळखायचं नाही. तुला लावायचं आहे."

भिवरा सकाळीच निघाली. खंडोजीने विचारलं, कुठे? ती म्हणाली, वेशीत. तो म्हणाला, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, लोकांनी म्हणून झालंय, आता मी जाते. मी म्हणते बाई, हे तिला आधी सुचायला काय झालं होतं? पण असो, सुचलं ते बरं.

इकडे माळिणीने फुलांची पाटी भरली आणि रंगूला म्हणाली, तुझ्या नगरात गौरीला फुलं लागतात, चल. रंगू नको म्हणाली. आईचं बोट पुन्हा थांबलं तर काय करू, म्हणाली. ते तिला दुसऱ्यांदा सोसवणार नव्हतं. माळीण म्हणाली, थांबलं तर मी आहे, परत येऊ, भाकरी माझ्याकडे आहे. मग रंगू उठली. आईच्या त्याच जुनेराची घडी काढली, नेसली, चुडा भरलेला होता, खोप्यात एक शेवंती खोचली, कुंकू लावलं. चालताना मात्र पदर पार नाकापर्यंत ओढला.

वेशीत पहिली आली ती माळीण. भिवरेने विचारलं नाही कोण. कुंकू लावलं, ओटी भरली. माळीण पुढे होऊन कडेला उभी राहिली.

दुसरी आली ती एक विधवा, सरपणाची मोळी घेऊन. ती लांबूनच वळायला लागली, आपल्याला काय लावणार म्हणून. भिवरेने विचारलं नाही कुणाची. उठून हाताला धरून आणली, कुंकू लावलं, ओटी भरली. ती बाई मोळी विसरून तशीच उभी राहिली.

तिसरी आली ती पदर ओढलेली. पाय जागचे हलेनात. भिवरेने विचारलं नाही कुठली. बोट कुंकवात घातलं, म्हणाली, पदर वर घे बाई. तिसरीने घेतला नाही. मग भिवरेनेच दोन बोटांनी पदर वर केला.

कपाळावर कुंकू होतंच. जवाएवढं डावीकडे कललेलं.

भिवरेचं बोट थांबलं. रंगूने डोळे मिटले. पण या वेळी बोट भीतीने थांबलं नव्हतं, ओळखीने थांबलं होतं. नगरात असं कुंकू एकाच कपाळावर होतं, आणि ते कपाळ भिवरेचं होतं.

तिने विचारलं, "हे असं लावायला कुठे शिकलीस?"

"फुटक्या आरशात, आई. तुझ्या पाठीमागे बसून."

भिवरेने मेण लावलं, आणि त्या कुंकवावरच कुंकू लावलं, जिथे होतं तिथेच, डावीकडे. मग ओटी भरली. तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला, हळकुंड घातलं. ओटी जड झाली. म्हणाली, रंगू, माझ्या लेकी, मी तुला मोकळी जाऊ दिली गं. आणि मायलेकी वेशीत गळ्यात गळा घालून रडल्या. येणारेजाणारे थांबले, बघितलं, आणि आपापल्या वाटेने गेले. एवढंच झालं. ज्याची इतकी वर्षं भीती घेतली ते एवढंच होतं.

रंगूने श्वास सोडला. निऱ्या जागच्या हलल्या नाहीत.

मग दोघी घरी आल्या, माळिणीलाही जेवायला आणलं. रंगू उंबऱ्यापाशी थांबली. खंडोजी मागावर होता. त्याने बघितलं, बराच वेळ बघितलं. शेवटी म्हणाला, "उन्हात उभी काय राहिलीस? आत ये." आणि मान खाली घालून धोटा फेकला. सूत तुटलं नाही. पुन्हा फेकला, तुटलं नाही. तिसऱ्यांदा फेकला आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी सुतावर पडलं, तरी तुटलं नाही. त्यानंतर मागावर विणलेलं पहिलं पातळ रंगूचं झालं.

भिवरेने रंगूला गौरीपुढे नेलं, करंडा तिच्या हातात दिला. रंगूने मुखवट्याला मेण लावलं, मान वाकडी केली, कुंकू लावलं. सगळे बघत राहिले. कुंकू गळलं नाही. सकाळपर्यंत नाही, विसर्जनापर्यंत नाही. दारातली म्हातारी तेव्हापासून कुणाला दिसली नाही, पण भिवरा म्हणायची की पाटावरची गौर हसत होती, आणि तिचंही कुंकू जवाएवढं डावीकडे होतं.

पुढच्या वर्षी परटीण आली, कासारीण आली, माळीण आली. तिघींनी रंगूची आपापली राहिलेली ओटी भरली. कासारीण आल्याबरोबर जावेची कागाळी सांगायला लागली. रंगूने घेतला वसा सोडला नाही. तिच्या दारातून मोकळ्या कपाळाने कुणी गेलं नाही.

म्हणून आमच्याकडे गौरीला कुंकू थोडं कलतं लावतात. कुणी नवी सून आली आणि मधे लावायला गेली की आम्ही तिला ही कहाणी सांगतो.

आता दाणे गौरीला वाहा. जशी भिवरेला लेक भेटली, तशी ज्या ज्या घरातून कुणी मोकळ्या कपाळाने गेली असेल त्या घराला ती भेटो. जशी रंगूची ओटी भरली, तशी तुमची भरो, माझी भरो, जिला कुणी विचारलं नाही तिची आधी भरो. पुष्कळ लांबीची कहाणी, थोडक्या बोलात सांगितली, ऐकणारीला गोड लागली, गौरीच्या पायाशी पुरी झाली.