भिंतीवरचं हिरवं

एकदा एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं, आणि नेमकी अंगणाकडची भिंत बुडाशी हिरवी पडली. शेवाळ. त्याच भिंतीला लागून पंगत बसायची होती.

व्यापाऱ्याने गवंड्याच्या शिष्याला बोलावलं. शिष्य म्हणजे दोन पोरांचा बाप, पण अजून शिकाऊच. त्याने भिंत घासली, वर चुना मारला. पंधरा दिवसांत हिरवं परत. पुन्हा घासलं, पुन्हा चुना. असं तीनदा झालं. लग्न उद्यावर आलं, तरी हिरवं जागेवरच.

व्यापाऱ्याची सून म्हणाली, "मामंजी, वरच्या मोरीचं पाणी भिंतीत मुरतंय. दिवाळीपासून सांगतेय मी."

"तू पुरणाचं बघ," व्यापारी म्हणाला.

शिष्याने शेवटी हात टेकले आणि गुरूला घेऊन आला. म्हाताऱ्या गवंड्याने शेवाळ निरखलं, पण त्याला हातसुद्धा लावला नाही. वर, जिथे भिंत दुधासारखी पांढरी होती, तिथे कान लावून टकटक केलं. मग हातोडा उचलला आणि सरळ घातला.

व्यापारी धावत आला. "अहो, वेड लागलं का? घाण खाली आहे, आणि तुम्ही चांगली भिंत फोडताय?"

म्हाताऱ्याने दुसरा घाव घातला. चुन्याचा पापुद्रा सुटला आणि आतून चिखल घळाघळा बाहेर आला. मागोमाग एक धोंडा निखळला, तो थेट मांडून ठेवलेल्या पाटांवर. दोन पाट चिरफळले. ते वधूवरांचे होते.

म्हातारा शिष्याकडे वळला.

"अरे, शेवाळाचा कण कुठे नसतो? वाऱ्यावर येतो, कोरड्या भिंतीवर मुकाट पडून राहतो. ओल लागली की हिरवा होतो. या भिंतीच्या पोटात पाणी आहे, हे घरात तोच एक सांगत होता. तू तीनदा त्याचं तोंड घासलंस आणि वरून चुना फासलास. पुसायचं तर खुशाल पूस, पण आधी त्याला विचार, 'बाबा, तू कशावर जगतोस?'"

शिष्याने हातातला ब्रश खाली ठेवला.

"एकटा तोच नव्हता सांगत," व्यापारी हळूच म्हणाला. मग त्याने आत पाहिलं. "सूनबाई, पंगत मागच्या अंगणात हलवू. आणि ती मोरी दाखवतेस का मला?"

सुनेने पुरणाचे हात धुतले आणि पुढे झाली.

तुमच्याही घरात कुणीतरी तीच कुरकुर रोज करत असेल. तिला गप्प बसवण्याआधी एकदा भिंतीला कान लावून बघा.